फाट्यावरचा माझा फोटो

तृतीय वर्षाला माझं नाव मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत लागलं नाही. दोन वर्षं जव्हारला राहून नळाच्या पाण्याची आणि ट्यूबलाइटची सवय झालेली मी पुन्हा पोशेऱ्याच्या बाजूच्या आमच्या पाड्यावर राहायला आले आणि रोज एसटीनं कॉलेजला जाऊ लागले. तेव्हा मला हा फार मोठा अन्याय वाटला होता. यादी लावलेल्या फळ्यासमोर उभी राहून मी रडलेही होते. आज ज्या कोणी ती यादी केली त्या माणसाला भेटावंसं वाटतं, कारण त्या एका वर्षात माझं घर मला जेवढं कळलं तेवढं त्याआधीच्या वीस वर्षांत कळलं नव्हतं.

घर म्हणजे कारवीच्या कुडाची एक खोली आणि पुढे पडवी. जमीन म्हणून आमच्या मालकीची होती ती त्या कुडाच्या आतली तेवढीच, तीही कागदावर कोणाची होती देव जाणे. बाबा भात लावणीला आणि कापणीला दुसऱ्यांच्या शेतावर जात, दिवाळी झाली की वीटभट्टीवर किंवा वसईकडे बांधकामावर. आईला मात्र वर्षभराचं एक काम होतं. पाड्यावरच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची. बायकांच्या बचत गटाकडे ते काम होतं आणि गटानं ते आईला दिलं होतं. पाड्यातली सगळी पोरं तिला खिचडीवाली आये म्हणत. शाळेच्या मागच्या पडवीत तीन दगडांची चूल होती, शेजारी एक मोठं टोप आणि तिच्या उंचीएवढा लाकडी पळा. शाळेतून येणाऱ्या तांदूळ-डाळीत ती आपल्याकडचं काहीतरी टाकल्याशिवाय राहायची नाही. कधी वालाच्या कोवळ्या शेंगा, कधी कुर्डूची पानं, कधी घरामागे लावलेली मिरची. "नुसता पिवळा भात काय खायचा पोरांनी," असं तिचं म्हणणं. घरी आम्ही नागलीची भाकर आणि जवळ्याची चटणी खायचो, पण त्या टोपाबद्दल ती जेवढं बोलायची तेवढं आमच्या चुलीबद्दल कधी बोलली नाही.

पहाटे मला जाग यायची ती भाकर थापायच्या आवाजानं. आधी हातावर थप् थप्, मग तव्यावर पडताना एक ओला आवाज. बाबा पडवीत बसून तंबाखू मळत, मधेच खोकत. मी अंघोळ करून येईपर्यंत दोन भाकरी आणि चटणी फडक्यात बांधून तयार असायची. भाद्रपद-आश्विनात काकडीचे वेल लगडलेले असत. मग आई काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवायची, त्यात गूळ घालायची आणि पळसाच्या पानात गुंडाळून उकडायची. ते पानगे मी डब्यात नेले की आमच्या वर्गातल्या जव्हारच्या मुलीसुद्धा स्वतःची पोळीभाजी सोडून माझ्या डब्याशी यायच्या. फाट्यापर्यंत पाऊण तास चालायचं. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर खुरासणी फुललेली असायची, सगळं पिवळंधमक, आणि खाली खाचरात भात पिकायला लागलेला. आता मी आश्रमशाळेत शिकवते. माझ्या मुलीला शाळेपर्यंत गाडीनं सोडावं लागतं आणि ती वाटभर मोबाइलकडे बघत असते. तिला मी काही बोलत नाही. मीही त्या वाटेनं चालताना खुरासणीकडे कुठे बघत होते? माझं सगळं लक्ष एसटी चुकू नये याकडे असायचं.

एसटीचीच अडचण होती. सकाळची गाडी वेळेवर होती, पण संध्याकाळची जव्हारहून साडेचारला सुटायची आणि आमचा शेवटचा तास पाचला संपायचा. शेवटचा तास राज्यशास्त्राचा, देवरे मॅडमचा. मॅडम सटाण्याकडच्या. जव्हारला एक खोली भाड्यानं घेऊन एकट्या राहायच्या. बारीक अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि वर्गात खडू मोडला तरी दोन्ही तुकडे संपेपर्यंत वापरणाऱ्या. त्यांचा तास सोडून एसटी धरायची, की तास करून मागच्या जीपला लटकत यायचं, हा आम्हा पाच-सहा मुलींपुढे रोजचा प्रश्न होता. मी बहुतेक वेळा तास करायचे. जीप भरल्याशिवाय सुटायची नाही. फाट्यावर उतरेपर्यंत दिवस मावळायला आलेला असायचा आणि तिथून पुढे मी जवळजवळ पळतच घर गाठायचे. बाबा अर्ध्या वाटेवर काठी घेऊन उभे असत. आम्ही बोलत नसू. ते पुढे आणि मी मागे.

त्या वर्षी निवडणूक होती. आमच्याकडे निवडणूक येते ती आधी कानांनी कळते. जीपवरच्या भोंग्याचं गाणं घाटाच्या एका वळणावर ऐकू यायचं, पुढच्या वळणावर विरायचं, मग एकदम जवळ. बाबा प्रत्येक पक्षाची टोपी घ्यायचे. "ऊन काय पक्ष बघून लागतंय?" असं ते म्हणायचे आणि कापणीला रोज वेगळ्या रंगाची टोपी घालून जायचे. आचारसंहिता लागायला अजून अवकाश होता आणि त्या दिवसांत उमेदवार आमच्या कॉलेजात यायला लागले. तिकीट मिळालेले, मिळणार असलेले, आणि मिळणार नाही हे सगळ्या जव्हारला ठाऊक असलेलेसुद्धा. आम्ही तृतीय वर्षाची मुलं म्हणजे पहिल्यांदा मत देणारी. प्राचार्य कोणालाच नाही म्हणत नसत आणि कोणालाच धड हो म्हणत नसत. मग एखादा तास चालू असताना दारात पंधरा-वीस माणसं उभी राहायची, गळ्यात पट्टे, कोणाच्या हातात गुलाबाची फुलं, आणि शिकवणारे सर खडू खाली ठेवून बाजूला व्हायचे. एकानं जव्हारला रेल्वे आणायचं कबूल केलं. दुसऱ्यानं प्रत्येक मुलीला लॅपटॉप देतो म्हणून सांगितलं, तेव्हा माझी मैत्रीण सविता कानात म्हणाली, "आमच्याकडं लाइटच नाय, तो काय चुलीवर चालंल?" आम्ही बाकाखाली तोंड घालून हसलो. टाळ्या मात्र सगळ्यांना वाजवल्या. त्यांच्यामुळे तास बुडायचा ना.

देवरे मॅडमचा तास मात्र कोणी बुडवू शकला नव्हता, आणि ज्या दिवशी बुडवायची पाळी आली त्या दिवशी दारात गुरुजी उभे होते.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. आमच्यातलेच, डोंगरातल्याच पाड्यातून आलेले, वीस वर्षं शाळेत शिकवून मग राजकारणात पडलेले. पांढरा शर्ट, साधी चप्पल, मागे माणसांचा घोळका. मॅडम फळ्यावर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा अशा पायऱ्या काढून कोणतं काम कोणाच्या वाट्याला येतं ते समजावत होत्या. गुरुजींच्या बरोबरचा एक तरुण कार्यकर्ता, संतोष, आत येऊन म्हणाला, "मॅडम, दहा मिनिटं द्या. गुरुजी बोलतील."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "तास संपायला वीस मिनिटं आहेत. घंटा झाली की बोलू द्या त्यांना. तोवर बसायचं असेल तर मागे जागा आहे."

संतोष काहीतरी बोलणार होता, पण गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः आत आले. मागचं बाक म्हणजे माझं आणि सविताचं. सविता एवढी सरकली की भिंतीला टेकली. गुरुजी माझ्या शेजारी बसले. बाकी माणसं व्हरांड्यात थांबली.

वीस मिनिटं मी एका उमेदवाराच्या शेजारी बसून राज्यशास्त्र शिकले. माझं पुस्तक मी हळूच मधे सरकवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि खरंच वाचू लागले. एकदा मॅडमनी विचारलं, "गावातला पाझर तलाव कोणाकडे?" आणि गुरुजींचा हात अर्धा वर गेला. मग त्यांनी तो खाली घेऊन डोक्यावरून फिरवला. माझ्याशिवाय कोणी पाहिलं नसावं. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या वहीकडे बघून आमच्या बोलीत विचारलं, "कठली तू?" मी पाड्याचं नाव सांगितलं. "कवा घरी पोचतंस?" मी म्हटलं, "अंधार पडताना." त्यांनी मान हलवली.

घंटा झाल्यावर ते उठून पुढे गेले. भाषण मोठं नव्हतं. रेल्वे नाही, लॅपटॉप नाही. आपण कसे शिकलो ते त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाले, "कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा." सहसा कोणी विचारत नसे. मी उभी राहिले. कशी राहिले ते सांगता येत नाही, बहुधा शेजारी बसल्यामुळे भीती गेली असावी. मी म्हटलं, "संध्याकाळची एसटी साडेचारला सुटते आणि तास पाचला संपतो. ती साडेपाचला सुटली तर आम्हाला जीपला लटकावं लागणार नाही."

काही मुलं हसली. एवढ्या मोठ्या माणसाला एसटीची वेळ विचारली म्हणून. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, हे आमदाराचं काम नाय. मी आता हो म्हटलं तर खोटं बोललो असं होईल. आत्ताच मॅडमनी फळ्यावर शिकवलं ना, काम कोणाचं ते आधी बघायचं. हे एसटी डेपोचं. अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, कॉलेजचं पत्र जोडा, डेपोत द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाय." आणि खाली बघत म्हणाले, "आलो निवडून, तर मी पण सांगेन डेपोवाल्याला."

एवढं झाल्यावर संतोषनं मला पुढे बोलावलं, हातात एक गुलाब दिला आणि गुरुजींना द्यायला सांगितला. मोबाइलवर फोटो काढला. "हस ना जरा," तो म्हणाला. मी हसले. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, मला फोटो काढून घ्यायला फार आवडलं होतं. आमच्या घरात माझा फोटो म्हणजे दहावीच्या फॉर्मवरचा.

तीन दिवसांनी संध्याकाळी जीपमधून फाट्यावर उतरले आणि समोर मीच होते. वडाच्या झाडाला आणि विजेच्या खांबाला दोऱ्या बांधून ताणलेला, माणसापेक्षा उंच फ्लेक्स. एका बाजूला हात जोडलेले गुरुजी, दुसऱ्या बाजूला मी, हातात गुलाब, दात दिसतायत. मी खोटं लिहिणार नाही. पहिल्या क्षणी मला वाटलं, मी किती चांगली दिसते. मग खालची मोठी अक्षरं वाचली. "गुरुजी, आमची एसटी तुम्हीच आणणार! आम्हा सगळ्या मुलींचं मत तुम्हालाच!" आणि त्याखाली, कुमारी मनीषा, तृतीय वर्ष कला. पाड्याचं नावसुद्धा होतं.

जीपमधली माणसं माझ्याकडे बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "बाय, तू पुढारी झालीस की." मी चालू लागले. त्या दिवशी बाबा अर्ध्या वाटेवर नव्हते, फाट्याजवळच उभे होते. डोक्यावर एकही टोपी नव्हती. ते म्हणाले, "चल." मी म्हटलं, "बाबा, मी असं बोलले नाही." ते म्हणाले, "आयेला सांग."

आई पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होती. त्या वेळी ती कधी शेंगा सोलत नसे. शाळेतलं टोप घासून, उद्याचं सरपण रानातून आणून ती उशिरा यायची. मग कळलं. बचत गटाची अध्यक्ष बेबीबाय दुपारी शाळेत आली होती. तिचा नवरा दुसऱ्या उमेदवाराचा आमच्या भागातला माणूस. ती आईला म्हणाली होती, "तुझी पोर त्यांच्याकडं गेली तर तू पण त्यांच्याकडंच जा. उद्यापासून नको येऊ." आईनं त्या दिवसाची खिचडी वाढली, टोप घासलं, पळा भिंतीला उभा केला आणि घरी आली.

मी रडायला लागले. आईनं रडू दिलं. मग विचारलं, "बोललीस का तू तसा?"

"नाही."

"काय बोललीस?"

मी सगळं सांगितलं, साडेचार, साडेपाच, अर्ज, पोच, गुलाब. फोटोला हसले तेही सांगितलं. आई म्हणाली, "हसली तं हसली. हसू तुझा हाय. पन बोलला तो तुझा नाय. तुझ्या तोंडात दुसऱ्याची बात कशी घातली त्यांनी?" शेंगांचं सूप तिनं बाजूला ठेवलं. "जायाचा आन् सांगायचा त्याना. मी येतो." आमच्याकडे बायकाही 'मी येतो' म्हणतात. जव्हारच्या मुली त्यावर हसायच्या, म्हणून कॉलेजात मी 'येते' म्हणायला शिकले होते. त्या संध्याकाळी तिचा 'येतो' ऐकून मला जो धीर आला तो दुसऱ्या कुठल्या शब्दानं आला नसता.

दुसऱ्या दिवशी मी देवरे मॅडमना सांगितलं. त्या स्टाफरूमच्या दारात उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना मागे बसवलं तेव्हा मला वाटलं, काय शहाणपणा केला मी. पण नंतर वर्गात फोटो काढत होते तेव्हा मी डस्टर शोधत बसले. तेव्हाच थांबवायला हवं होतं." मोठी माणसं, त्यातही शिकवणारी, आपली चूक अशी सरळ सांगतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. आता माझ्या वर्गात माझं काही चुकलं की मी पोरांना सांगते. ते मी पुस्तकातून शिकले नाही. मॅडम म्हणाल्या, "मी जाऊन बोलते." मी म्हटलं, "आई येणार आहे." त्या म्हणाल्या, "मग मी नुसती बरोबर येते."

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी आम्ही गेलो. मी आणि मॅडम जव्हारहून एसटीनं आणि आई पाड्यावरून. ती बाजाराच्या तोंडाशी, सुक्या मासळीच्या ओळीपाशी उभी होती. लग्नकार्याला नेसायचं हिरवं लुगडं नेसली होती आणि बरोबर पानात बांधलेले पानगे घेऊन आली होती. मॅडमच्या हातात पानगे देत ती म्हणाली, "भूक लागली असंल." बस एवढीच त्यांची ओळख झाली. गुरुजींचं संपर्क कार्यालय म्हणजे बाजाराच्या टोकाचा एक गाळा. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेल्या फ्लेक्सच्या गुंडाळ्या. बाहेर भोंगा लावलेली जीप. संतोषनं मला ओळखलं आणि खूश होऊन म्हणाला, "कसा झालाय फोटो?"

गुरुजी जेवत होते. त्यांनी हात धुतले आणि आम्हाला बसायला सांगितलं. मी तयारी करून गेले होते, पण तोंडातून एकच वाक्य निघालं. "मी असं बोलले नव्हते, गुरुजी."

संतोष म्हणाला, "अगं, त्यात काय झालं? लोक फ्लेक्सवर यायला मागं लागतात. तुझा मान वाढवला की."

"मान आमचा आमच्याकडं हाय," आई म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, गुरुजींकडे पाहत होती. "पोरगी बोलली नाय तो लिवलाय. तेवढा काढा."

गुरुजींनी संतोषला विचारलं, "काय लिहिलंय?" त्यानं वाचून दाखवलं. त्यांना आधी माहीत होतं की नव्हतं हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी कपाळ चोळलं. मग मॅडमनी, आईच्या कामाचं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. गुरुजी आईकडे वळून म्हणाले, "बाय, त्या खिचडीचं सोड. मी निवडून आलो तर तुला आश्रमशाळेत स्वयंपाकाला लावतो. कायमची. महिन्याच्या महिन्याला पगार."

बाहेर भोंग्यावरचं गाणं संपलं होतं. बाजारातला गलका ऐकू येत होता. आई खाली बघत होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी मॅडमकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या घरात कायमचं असं काहीच नव्हतं. बाबांचं काम नाही, घराखालची जमीन नाही, माझं शिक्षणसुद्धा नाही. आई एवढा वेळ गप्प राहिली की मला भीती वाटू लागली.

मग ती म्हणाली, "ती मंगची बात मंग. आज बोर्ड काढा."

गुरुजी उठले. "चला," ते म्हणाले. संतोष म्हणाला, मी पोरं पाठवतो, तुम्ही कशाला. गुरुजी म्हणाले, "वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. एका पोरीच्या नावावर दुसऱ्याचं उत्तर लिहिलंय, ते मीच खोडतो." आम्ही सगळे त्यांच्या जीपमधून फाट्यावर आलो. गाडी थांबल्यावर ते स्वतः वडाच्या पारावर चढले. दोरीची गाठ सुटेना. त्यांनी ती दातांनी सैल केली. वरचा कोपरा सुटला आणि माझं तोंड हळूहळू दुमडत खाली आलं. जीपवाले, मासळी घेऊन परत चाललेल्या बायका, सगळे थांबून बघत होते. गुरुजींनी फ्लेक्सची घडी घातली तशी आई म्हणाली, "टाकतंस कशाला? दे इकडं. सरपनावर घालायला होईल." त्यांनी तो तिच्या हातात दिला आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

पुढचं लवकर सांगून टाकते. आम्ही अर्ज लिहिला. सविताचं अक्षर चांगलं म्हणून तिनं लिहिला. मॅडमनी दोनदा खोडून पुन्हा लिहायला लावला. सगळ्या वर्गाच्या सह्या झाल्या, दुसऱ्या पक्षाचे पट्टे गळ्यात घालणाऱ्या मुलांच्यासुद्धा. डेपोत मी, सविता आणि मॅडम अशा तिघी गेलो आणि पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. दिवाळीनंतर गाडी साडेपाचला सुटू लागली. कोणत्याही पुढाऱ्यानं ती आणली नाही. एका कारकुनानं वेळापत्रकात खाडाखोड केली, बस. पहिल्या दिवशी कंडक्टर म्हणाला, "तुमच्यापायी माझा चहा हुकला." आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी पानगे आणून दिले. गुरुजी निवडणूक हरले, थोडक्यात हरले. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं याचं नवल वाटलं. बेबीबाय दिवाळीची सुटी संपता संपता आमच्या पडवीत आली, दोन काकड्या ठेवल्या आणि आईला म्हणाली, "उद्या शाळा उघडतंय. माझ्यानं नाय होत रोजचा धूर." माफी वगैरे काही नाही. आईनं तिला चहा दिला. दोघी बराच वेळ पावसाबद्दल बोलत बसल्या. त्या दोघींनी पुढे कितीतरी वर्षं त्याच गटात काम केलं आणि बेबीबायच्या आजारपणात तिला जेवण आईनंच पोचवलं.

देवरे मॅडम निवृत्त होऊन सटाण्याला गेल्या. फोनवर अजून विचारतात, "पोच घेतेस ना?" हे प्रकरण लिहायचं ठरवलं तेव्हा आधी त्यांना वाचून दाखवलं, आणि मग सुटीत घरी गेले तेव्हा आईला. आईला आता कमी दिसतं, ऐकू चांगलं येतं. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मोखाड्याच्या कार्यालयातला भाग आला. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं की आईनं गुरुजींची नोकरी तिथल्या तिथे नाकारली, तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो भाग मला फार आवडला होता.

"थांब," आई म्हणाली. "असा नव्हता."

"काय नव्हतं?"

"मी नाय म्हनलीच नाय. मंगची बात मंग म्हनली." ती दाराकडे बघत होती. "ती नोकरी माना पायजे व्हती, पोरी. लय पायजे व्हती. तठं बसली तवा माझ्या डोळ्यापुढं आश्रमशाळेचा मोठा टोप आला. किती पोरांचा जेवन, रोजचा. तुझा बाबा मंग भट्टीवर गेला नसता."

बाबांचं भट्टीवरच पाठीचं दुखणं सुरू झालं होतं आणि त्यातच ते गेले.

"मग तेव्हाच हो का नाही म्हणालीस?" मी विचारलं.

"आधी बोर्ड निघायला पायजे व्हता. नोकरी घेतली असती तं बोर्ड राहिला असता." एवढं सोपं आहे अशा आवाजात ती म्हणाली. मी वही उघडून ते वाक्य खोडलं आणि ती गप्प बसली होती ते लिहिलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती ते लिहिलं, तिनं सांगितलं तसं. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "आये, तेव्हा मत कोणाला दिलंस?"

"गुरुजीला."

"नोकरीसाठी?"

"नोकरीसाठी बी. आन् तो पारावर चढला, दातांनी गाठ सोडली, त्याच्यासाठी बी." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पन माझ्या एकटीचा पुरला नाय त्याना."